चाकांवरचे घर बीडला आणण्यापूर्वी

करोडगिरी हा शब्द आता बीड जिल्ह्यातील थोड्याच वृद्धांच्या तोंडी उरला आहे. निजामी अमलात हैदराबाद संस्थानच्या सीमाशुल्क खात्यास हे नाव होते. आणि आष्टी तालुक्याची हद्द इंग्रजी अमलाखालील नगर जिल्ह्यास भिडलेली असल्यामुळे, ज्वारीचे पोते असो की कापडाचा तागा असो, माल प्रथम नाक्यावर रुजू करावा, त्याची मोजदाद होऊ द्यावी, पावती पदरात बांधून घ्यावी आणि मगच बैलांना पुढची वाट दाखवावी, ही शिस्त त्या काळच्या गाडीवानाच्या अंगवळणी पडलेली होती. संस्थान गेले, नाके गेले. परंतु आता त्याच जिल्ह्यातील कुटुंबांपुढे एक निराळीच गाडी सरहद्दीवरून आत आणण्याचा प्रश्न उभा राहू लागला आहे, आणि जुन्या गाडीवानाची ती शिस्त तेथेही जशीच्या तशी उपयोगी पडते, असा माझा अनुभव असल्यामुळे हा लेखनप्रपंच करीत आहे.

प्रश्न असा. मुलगा, पुतण्या किंवा भाचा इंग्लंडात, ऑस्ट्रेलियात अथवा अमेरिकेत स्थायिक झालेला असतो. तेथे त्याच्यापाशी मोटारहोम, म्हणजे ज्यात निजावयाचे फलक, चूल, पाण्याची टाकी आणि शौचकूपही आहे असे चाकांवरचे घर असते. सुट्टीत त्या घरासह स्वदेशी यावे, आईवडिलांना त्यात बसवून परळी वैजनाथ, अंबाजोगाईची योगेश्वरी, कपिलधार, सौताड्याचा धबधबा असे करीत महिना-दोन महिने हिंडावे, कोणाच्या घरी भार होऊ नये आणि वृद्धांना परक्या अंथरुणावर निजण्याची पाळी येऊ नये, अशी त्याची मनीषा असते. ही मनीषा मला अत्यंत योग्य वाटते. ती सिद्धीस जाऊ शकते; मात्र पैसे मोजण्यापूर्वी गाडी मोजली पाहिजे, आणि गाडीच्या सर्व परिमाणांत रुंदी प्रथम मोजली पाहिजे. कागद चुकला तर नवा करता येतो, शुल्क अधिक पडले तर काही काळ काटकसर करून भरता येते, यंत्र बिघडले तर दुरुस्त होते. परंतु पोलादी सांगाड्यावर बांधलेल्या घराची रुंदी मागाहून कमी करणे म्हणजे ते घर मोडून पुन्हा बांधणेच होय.

आपल्या देशात यासंबंधीची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ९३ मध्ये आहे. वाहनाची एकूण रुंदी २.६ मीटरपेक्षा अधिक असता कामा नये, आणि ही रुंदी वाहनाच्या दोन्ही अंगांच्या अगदी बाहेरच्या बिंदूंना स्पर्श करणाऱ्या उभ्या पातळ्यांमधील अंतर म्हणून मोजावयाची आहे, असा त्याचा आशय आहे. मागचे दृश्य दाखविणारे आरसे, दिशादर्शक दिवा आणि अंगावरच्या घासपट्टीची वीस मिलिमीटरपर्यंतची जाडी एवढ्या किरकोळ गोष्टी या मोजमापातून वगळल्या आहेत. उन्हासाठी बाजूला गुंडाळून ठेवलेल्या कनातीची पेटी मात्र वगळलेल्या गोष्टींत नाही, हे वाचकाने येथेच ध्यानी ठेवावे. कारण बहुतेक घोटाळा तिच्यापासून सुरू होतो.

निरनिराळ्या देशांची मापे पाहिली म्हणजे हा प्रश्न एकट्या भारताचा नाही हे कळून येते. रस्ते वाहतुकीसंबंधी १९४९ साली जिनीव्हा येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला त्याच्या परिशिष्टात रुंदीची मर्यादा २.५० मीटर धरलेली होती. युरोपीय संघाने १९९६ च्या निर्देशात सामान्य वाहनांस २.५५ मीटरची मुभा दिली आणि ब्रिटनमध्येही हेच माप चालते. ऑस्ट्रेलियात २.५ मीटरची मर्यादा दीर्घकाळ कटाक्षाने पाळली गेली. अमेरिकेत मात्र १०२ इंच, म्हणजे सुमारे २.५९ मीटर रुंदीची गाडी राजमार्गावर चालते, आणि प्रवासी घरांच्या बाबतीत कनात व तत्सम जोड या मापाबाहेर राहू देण्याची सवलत तेथील अनेक राज्यांनी दिलेली आहे. परिणाम असा होतो की, पूर्ण रुंदीची अमेरिकी गाडी ऑस्ट्रेलियात अथवा ब्रिटनमध्ये नेऊ म्हणणाऱ्यास पहिल्याच पायरीवर अडखळावे लागते, आणि भारतात ती आणू म्हणणाऱ्याच्या हाती, उघड्या सांगाड्याचे माप जेमतेम बसत असले तरी, कनातीसह हिशेब करता काहीच शिल्लक राहत नाही. युरोपात व ब्रिटनमध्ये बांधलेली गाडी आपल्या नियमात त्या मानाने सुखाने सामावते. ब्रिटनची गाडी पत्करावी याला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे तेथील सुकाणूचक्र आपल्याप्रमाणेच उजव्या हातास असते.

माप घेण्याची रीत मी थोड्या विस्ताराने सांगतो. विक्रेत्याच्या छापील पत्रकावर कधीही विसंबू नये. तेथे दिलेला आकडा पुष्कळदा केवळ मूळ पेटीचा असतो. गाडी सपाट फरसबंदीवर उभी करावी, चाकांतील हवा योग्य आहे याची खात्री करून घ्यावी, आणि आपला गवंडी भिंत साधताना वापरतो तो ओळंबा हाती घ्यावा. ओळंबा नसेल तर मजबूत दोऱ्याच्या टोकाला लोखंडी नट बांधला तरी चालते. एका अंगाचा जो भाग सर्वांत बाहेर आलेला असेल, मग तो कनातीची पेटी असो, दाराची बिजागरी असो, पाण्याच्या टाकीचे झाकण असो की शिडीचा दांडा असो, तेथून दोरा सोडावा, नट हेलकावे खाऊन स्थिर होईपर्यंत थांबावे, आणि तो जेथे जमिनीस टेकू पाहतो तेथे खडूची खूण करावी. दुसऱ्या अंगासही तसेच करावे. दोन्ही खुणांतून गाडीच्या लांबीस समांतर रेषा आखून त्या रेषांमधील काटकोनातले अंतर पोलादी टेपने मोजले म्हणजे जी संख्या येते, तीच नियमाच्या दृष्टीने गाडीची रुंदी होय. उभी केल्यावर बाहेर सरकणारी खोली काही गाड्यांस असते. ती आत ओढून घेऊनच हे माप घ्यावे, आणि ती पूर्ण आत जाते ना, की दोन बोटे बाहेर राहते, हेही तेथेच पाहावे.

माझ्या एका भाच्याच्या बाबतीत हे प्रत्यक्ष घडले. त्याने पसंत केलेल्या गाडीच्या पत्रकात रुंदी २.५० मीटर लिहिली होती, आणि तो त्याच दिवशी विसार देण्याच्या बेतात होता. मी त्यास आग्रहाने कळविले की, दोरा आणि नट घेऊन जा आणि मग काय ते ठरव. त्याने तसे केले तेव्हा एका बाजूस कनातीची पेटी नऊ सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूस दाराची बिजागरी चार सेंटिमीटर बाहेर आलेली आढळली, बेरीज २.६३ झाली, म्हणजे गाडी भारतीय मर्यादेच्या तीन सेंटिमीटर बाहेर गेली. सुदैवाने ती पेटी स्क्रूंनी बसविलेली होती. ती काढून घेऊन, तिच्या जागेची छिद्रे बुजवून आणि काढल्यानंतरचे माप विक्रेत्याकडून लेखी घेऊन मगच त्याने व्यवहार पुरा केला. खुणा केलेल्या त्या फरशीचे छायाचित्र त्याने मला पाठविले होते. खडूच्या दोन पांढऱ्या रेषा आणि त्यांच्यामध्ये ताणलेली पिवळी टेप. ज्याला ही वाट चालावयाची आहे त्याने असे छायाचित्र अवश्य काढून कागदपत्रांत ठेवावे.

रुंदीचा दुसरा प्रश्न जहाजावर उद्भवतो. माल वाहणाऱ्या ठराविक कंटेनरची आतली रुंदी सुमारे २.३५ मीटर असते. तेव्हा लहान व्हॅनवर बांधलेले घर त्यात कसेबसे जाईल, पण खऱ्याखुऱ्या मोटारहोमला तो मार्ग बंद आहे. तिला एक तर ज्या जहाजात गाडी आपल्या चाकांवर चढते व उतरते असे रो-रो जहाज पाहावे लागते, किंवा बाजू व छप्पर नसलेल्या फ्लॅट-रॅकवर बांधून पाठवावे लागते, ज्याचे भाडे, गाडी त्याच्या मापाबाहेर येत असल्यामुळे, पुष्कळच चढते. रो-रो जहाजात गाडीची किल्ली परक्या हातात द्यावी लागते, सबब आतील भांडी, कपडे, मौल्यवान वस्तू यांपैकी काहीही गाडीत ठेवू नये. कित्येक कंपन्या गाडीत सामान ठेवू देतच नाहीत, आणि गॅसचे सिलिंडर तर रिकामे करूनही स्वीकारीत नाहीत.

आता कागदपत्रांकडे वळू. पुष्कळांची समजूत असते की, परदेशातून परतणाऱ्यास घरसामानावर जी सवलत मिळते तीत गाडीही येते. ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ मध्ये प्रवाशाच्या सामानाची जी व्याख्या केली आहे, तिच्यातून मोटार वाहन स्पष्ट शब्दांत वगळलेले आहे. म्हणून मार्ग दोनच उरतात. पहिला तात्पुरत्या आयातीचा, आणि दुसरा कायमच्या आयातीचा.

जो पाहुणा म्हणून येऊन परत जाणार आहे त्याच्यासाठी पहिला मार्ग उत्तम. खासगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीसंबंधी १९५४ साली न्यूयॉर्क येथे करार झाला. त्याच्या आधारे कार्ने नावाची एक पुस्तिका मिळते. ती भारतात नव्हे, तर गाडी ज्या देशात नोंदलेली आहे तेथील अधिकृत मोटार संघटनेकडून, तिच्या मागणीप्रमाणे अनामत अथवा बँकेची हमी देऊन घ्यावयाची असते. पुस्तिकेच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात; एक आत येताना सीमाशुल्क अधिकारी फाडून घेतो, दुसरा बाहेर जाताना फाडला जातो, आणि तिसरा, ज्यावर दोन्ही वेळचे शिक्के उमटलेले असतात, तो मालकापाशी पुरावा म्हणून राहतो. भारतात या पुस्तिकेवर साधारणतः सहा महिन्यांची मुदत मिळते. शुल्क भरावे लागत नाही, परंतु बाहेर जातानाचा शिक्का राहिला तर गाडी देशातच राहिली असे मानले जाऊन संपूर्ण शुल्क त्या हमीतून वसूल होऊ शकते. म्हणून शिक्का उमटताना स्वतः समोर उभे राहावे, तारीख वाचावी, बंदराचे नाव वाचावे, आणि शिक्का पुसट उमटला असेल तर तेथल्या तेथे पुन्हा उमटवून घेण्याची विनंती करावी. मध्यस्थाने कागद पाकिटात घालून हाती दिला म्हणजे काम झाले, असे मानू नये. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांस अशाच पुसट शिक्क्यापायी पुढे कित्येक महिने पत्रव्यवहार करीत बसावे लागले.

कार्नेवर आलेली गाडी विकू नये, भाड्याने देऊ नये, आणि देशातील रहिवाशाच्या स्वाधीन करू नये. हे शेवटचे कलम आपल्याकडे फार सहज मोडले जाते. पाहुणा आठवडाभर मुंबईस कामाला गेला की गावातला धाकटा भाऊ हौसेने गाडी काढतो आणि मित्रांस घेऊन गावभर हिंडून येतो. भावना निर्मळ असते. पण हमी जप्त होण्यास ती गोष्ट पुरेशी ठरू शकते. परदेशी नोंदणीच्या खासगी वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२२ साली स्वतंत्र नियम केले आहेत, आणि त्यांनुसार नोंदणीपत्र, वाहन परवाना किंवा आंतरराष्ट्रीय परवाना, विमा आणि मूळ देशात आवश्यक असेल तर प्रदूषण-तपासणीचा दाखला एवढे दस्तऐवज सदैव गाडीत असावे लागतात. ते इंग्रजीखेरीज अन्य भाषेत असतील तर इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून सोबत ठेवावे लागते. अशा गाडीतून स्थानिक प्रवासी अथवा माल वाहून नेता येत नाही. विम्याविषयी विशेष काळजी घ्यावी. परदेशातील विमापत्र भारतात लागू आहे असे त्यावर स्वच्छ लिहिलेले नसेल, तर येथे उतरताच भारतीय विमा उतरवावा. सुकाणूचक्र डाव्या हातास असलेली गाडी असेल तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२० प्रमाणे तिच्यावर चालू स्थितीतील दिशादर्शक यंत्रणा असलीच पाहिजे.

कायमच्या आयातीचा मार्ग मी सांगतो, परंतु त्याची शिफारस करीत नाही. जुनी गाडी आणावयाची तर ती निर्मितीपासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, सुकाणूचक्र उजव्या हातास असावे, वेगमापक किलोमीटर दाखविणारा असावा, पुढच्या दिव्यांचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीस योग्य असावा, आणि गाडी पुढील पाच वर्षे रस्त्यावर चालण्यायोग्य राहील अशी हमी असावी. शिवाय ती मुंबई बंदरातूनच आत यावी, अशा अटी आहेत. उतरल्यानंतर तिची चाचणी घेणाऱ्या संस्थांत पुण्याची एआरएआय आणि आपल्या शेजारच्या अहिल्यानगरची, संरक्षण खात्याची व्हीआरडीई या दोन संस्था येतात. शुल्काचे दर अर्थसंकल्पागणिक बदलत असले तरी सर्व करांची बेरीज जुन्या गाडीच्या मूल्याहून अधिक होते, हे ध्यानात घेऊनच मन घट्ट करावे. दर कोणाच्या तोंडी ऐकू नयेत. गाडीचा वर्ग, इंजिनाचे माप आणि मूल्य लिहून देऊन सीमाशुल्काच्या परवानाधारक दलालाकडून तपशीलवार लेखी अंदाज घ्यावा. ओढून न्यावयाचा बिनइंजिनाचा कॅराव्हॅन असेल तर त्याचा शुल्कवर्ग निराळा पडतो, ही बाबही त्यास मुद्दाम विचारावी.

नोंदणीसाठी बीड कार्यालयाच्या कक्षेतील गाडीस एमएच-२३ आणि अंबाजोगाई कार्यालयाच्या कक्षेतील गाडीस एमएच-४४ ही अक्षरे मिळतात. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन ही वाहतुकीखेरीजच्या वाहनांत मोडते. अर्जात हा वर्ग नेमका लिहावा, अन्यथा प्रवासी बस म्हणून नोंद होऊन परवान्याचा नसता ससेमिरा मागे लागतो. नोंदणीनंतर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे मूळ बांधणीत परवानगीवाचून फेरफार करता येत नाही, म्हणून काढून ठेवलेली कनात पुन्हा बसविण्याचा मोह आवरावा. चालविणाऱ्याच्या परवान्याकडेही पाहिले पाहिजे. हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोग्रॅमपर्यंतची गाडी चालते. त्याहून भारी गाडीस जड वाहनाचा परवाना लागतो, आणि मोठी अमेरिकी घरे सहजच त्या मर्यादेपलीकडे जातात.

कायद्याने रुंदी मान्य केली म्हणजे रस्त्यानेही केली, असे होत नाही. आणि बीड जिल्ह्यात येऊ इच्छिणाऱ्यास मला सर्वाधिक सांगावयाचे ते याविषयी आहे. आपल्याकडे एकपदरी रस्त्याची डांबरी रुंदी ३.७५ मीटर, मधल्या प्रतीच्या रस्त्याची ५.५ मीटर आणि दुपदरी रस्त्याची ७ मीटर धरतात. २.६ मीटरच्या गाडीस दोन्ही बाजूंचे आरसे मिळविले म्हणजे ती सुमारे तीन मीटर जागा व्यापते. तालुक्याच्या गावाहून वाडीस जाणाऱ्या एकपदरी रस्त्यावर अशी गाडी निघाली की दुधाच्या दोन किटल्या लावून येणाऱ्या मोटारसायकलीसही तिला ओलांडून जाण्यास डांबरावर जागा उरत नाही. साडेपाच मीटरच्या रस्त्यावर समोरून एस.टी. आली तर दोहोंपैकी एकीस साइडपट्टीवर उतरावेच लागते, आणि आपली साइडपट्टी काळ्या मातीची आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात लोण्यासारखी होते. जड गाडीचे डावे चाक तीत एकदा रुतले म्हणजे गाडी कलते, उंच बांधणीमुळे तिचा तोल वेगाने जातो, आणि जवळच्या शेतातून ट्रॅक्टर बोलावल्यावाचून ती बाहेर निघत नाही. म्हणून नियम असा करावा की, पावसाळ्यात सात मीटरहून अरुंद रस्त्यावर ही गाडी न्यावयाचीच नाही. गाव आत असेल तर गाडी हमरस्त्यालगत एखाद्या परिचिताच्या पेट्रोल पंपाच्या किंवा मंगल कार्यालयाच्या आवारात परवानगीने उभी करून पुढे लहान वाहनाने जावे.

ऊसतोडीचा हंगाम हा याहून गंभीर विषय आहे. बीड जिल्ह्यास चाकांवरचे घर नवीन नाही, ही गोष्ट परदेशातून येणाऱ्या आपल्या मुलांनी अवश्य जाणून घ्यावी. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ट्रकांत आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत आपला संसार चढवितात. भांडी, पीठ, चूल पेटविण्याची लाकडे, कोपीचे बांबू, एखादी शेळी, पिंजऱ्यातील कोंबड्या आणि या सर्वांच्या वर गोधडीत गुंडाळलेली लेकरे, असे ते घर पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघते, आणि पाडव्याच्या आगेमागे परत फिरते. या जिल्ह्यात नवराबायकोच्या जोडीस कोयता म्हणतात. अवजाराचे नाव माणसांना पडावे यात त्यांच्या आयुष्याचा सारा हिशेब आला आहे. हंगामात रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर उसाने लादलेले चालतात. पुष्कळदा ऊस ट्रॉलीच्या दोन्ही अंगांस हातभर बाहेर आलेला असतो, मागे दिवा नसतो, परावर्तक पट्टी धुळीने झाकलेली असते. भार बाजूस बाहेर काढून वाहन चालविल्यास त्याच अधिनियमाच्या कलम १९४ च्या २०१९ मधील दुरुस्तीप्रमाणे वीस हजार रुपये दंड आहे; तथापि काळोखात समोरून येणाऱ्याचे रक्षण दंडाचा आकडा करीत नाही. रुंदीचा नियम हा कागदी काथ्याकूट नव्हे, हे ज्यांनी अशा अपघातांत माणसे गमावली त्या घरांस निराळे सांगावे लागत नाही. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत सूर्यास्तानंतर मोटारहोम रस्त्यावर ठेवूच नये, आणि दिवसाही उसाची ट्रॉली दिसली की ओलांडण्याची घाई न करता, रुंद जागा येईपर्यंत तिच्या मागे सावकाश चालावे. ट्रॉलीवर माणसे बसलेली असतील तर अधिकच अंतर राखावे.

बंदरावरून बीडला यावयाचे तर माळशेज घाटाचा निसर्ग कितीही मोहक असला तरी मोठी गाडी तिकडून आणू नये. न्हावा-शेवा किंवा मुंबईहून द्रुतगती मार्गाने पुणे, तेथून अहिल्यानगर, आणि पुढे पाथर्डीवरून गढीस येऊन धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गास लागावे, हा क्रम मला सोयीचा वाटतो. गढीपासून बीडपर्यंतचा रस्ता प्रशस्त आहे. बीड शहरात शिरून कोतवाली वेस किंवा राजुरी वेस पाहण्याची इच्छा असेल तर ती पायी पुरवावी; वेशी आणि त्यांच्या आतील पेठा बैलगाडीच्या काळच्या आहेत. कंकालेश्वरास जातानाही गाडी बाहेरच ठेवावी. शहराच्या दक्षिणेस खजाना विहीर आणि पुढे मांजरसुंबा ही ठिकाणे महामार्गालगत असल्यामुळे तेथे अडचण पडत नाही. मांजरसुंब्याचा घाट मात्र उतरताना खालच्या गियरमध्ये उतरावा, केवळ ब्रेकवर भरवसा ठेवू नये. धारूरचा घाट त्याच्या अरुंद वळणांमुळे साऱ्या जिल्ह्यास ठाऊक आहे. किल्ला पाहावयाचा असेल तर माजलगावकडून घाट चढून न येता केजकडून धारूरला यावे. अंबाजोगाईस मुकुंदराजांच्या समाधीकडे उतरणारी वाटही लहान वाहनाचीच समजावी.

गाडीच्या आतील सोयींविषयी थोडक्यात सांगतो. अमेरिकी गाडीची वीज ११० ते १२० व्होल्टची असते आणि आपली २३० व्होल्टची. योग्य रोहित्रावाचून जोडणी केल्यास उपकरणे जळतील. युरोपीय व ब्रिटिश गाडीस ही अडचण नाही, केवळ प्लग बदलावा लागतो. परदेशी गॅस-सिलिंडरचे तोंड आणि रेग्युलेटर येथील सिलिंडरशी जुळत नाहीत, म्हणून विजेची शेगडी बाळगणे सुरक्षित. पाण्याची टाकी भरण्यासाठी गावाच्या नळावर किंवा हापशावर गाडी लावू नये; उन्हाळ्यात आपल्याकडे लोक टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले असतात, आणि अशा गावात शंभर लिटरची टाकी भरून घेणे शोभत नाही. पाणी शहरातून विकत घ्यावे. शौचकूपाची टाकी ओढ्यात, नाल्यात किंवा शेताच्या बांधावर कदापि रिती करू नये. उंचीही एकदा मोजून ठेवावी, कारण वाडीवस्तीतील वीजतारा पुष्कळ ठिकाणी झोल पडून खाली आलेल्या असतात.

इतके सर्व वाचून ज्यास कायमस्वरूपी घर येथेच हवे आहे, त्यास माझा स्पष्ट सल्ला असा की, परदेशातून आणण्याऐवजी ते येथेच बांधून घ्यावे. भारतात तयार होणाऱ्या व्हॅनच्या अथवा बसच्या चासीवर मोटार कॅराव्हॅन बांधण्यासाठी एआयएस-१२४ हे मानक ठरलेले आहे. त्याप्रमाणे मान्यताप्राप्त बांधणी करणाऱ्याकडून काम करून घेतल्यास शुल्काचा बोजा पडत नाही, सुटे भाग येथल्या येथे मिळतात, आणि मुख्य म्हणजे रुंदी आपल्या रस्त्यांस शोभेल अशी आपणच ठरवू शकतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले असून त्यात कॅराव्हॅन आणि ती उभी करण्याचे कॅराव्हॅन पार्क या दोहोंचा विचार केला आहे. ज्यांची जमीन महामार्गालगत आहे अशा बीडच्या शेतकऱ्यांनी या धोरणाची नक्कल पर्यटन संचालनालयाकडून मागवून वाचावी, असे मी आग्रहाने सुचवितो. चार गाड्या उभ्या राहतील एवढी मुरूम टाकून घट्ट केलेली जागा, पाण्याची सोय, विजेची जोडणी आणि मैला-टाकी रिती करण्याचा बंदिस्त खड्डा एवढ्यावर आरंभ होऊ शकेल.

कार्ने घेऊन येणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगावयाची राहिली. सहा महिन्यांची मुदत गाडी देशात शिरल्याच्या शिक्क्यापासून मोजली जाते, आपण बीडला पोहोचल्या दिवसापासून नव्हे. आणि परतीच्या रो-रो जहाजात जागा मिळण्यास कधी कधी महिनाही लागतो. म्हणून येतानाच परतीची जागा राखून ठेवावी, मुदत संपण्याच्या किमान तीन आठवडे आधी गाडी बंदरावर पोहोचेल असा बेत करावा, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी, अंगणात ती उभी असताना, कनात, शिडी, सायकलींचा कठडा असे काही मुक्कामात नव्याने जोडले गेले नाही ना, हे पाहण्यासाठी पुन्हा एकवार ओळंबा सोडून रुंदी मोजावी.